एकाच तंबूतली दोन पोरं

प्रश्न थोडक्यात असा: "मुलगा १४ वर्षांचा, कार्टिंगचं (छोट्या उघड्या गाड्यांच्या रेसिंगचं) तिसरं वर्ष. टीममध्ये दोनच मुलं. गेल्या रेसला टीमनं सांगितलं होतं की शेवटी शेवटी एकमेकांना त्रास द्यायचा नाही. आमचा दुसरा होता, टीममेट तिसरा. शेवटच्या लॅपला (फेरीला) हेअरपिनवर, म्हणजे यू-टर्नसारख्या वळणावर, टीममेट आत घुसला, धक्का बसला. तो दुसरा आला, आमचा सहावा. टीम म्हणते, रेसिंग आहे, चालायचंच. तक्रार करू का? टीम बदलू का? निदान वेगळा मेकॅनिक तरी मागू का? – एक वडील, कोल्हापूर"

हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो आणि दर वेळी विचारणारे वडीलच असतात. पोरगं कधी विचारत नाही. ते दोन दिवस तोंड पाडून बसतं आणि तिसऱ्या दिवशी त्याच टीममेटच्या गाडीवर मागं बसून मिसळ खायला जातं. तेव्हा आधी घरात जरा बघा, राग अजून पोराला आहे का फक्त तुम्हाला. तुम्हालाच असेल तर निम्मं काम सोपं झालं.

मी २२ वर्षं या नादात आहे. आधी चालवलं, मग पाना हातात घेतला, आता पोरांना शिकवतो. दोन्ही बाजूंनी हे सोसलंय, आणि एकदा केलंही आहे. ते पुढे सांगतो.

आपल्याकडे 'ईर्षा' हा शब्द शिवीसारखा वापरत नाहीत, हे तुम्हाला कोल्हापूरकराला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीम समोरासमोर आल्या की लोक म्हणतात, आज ईर्षेनं मॅच होणार, आणि खूश होऊन जातात. रेसिंगमध्ये सगळ्यात कडक ईर्षा एकाच टीमच्या तंबूत असते. दुसऱ्या टीमच्या पोराकडून हरलं तर सांगायला शंभर कारणं असतात: त्याचं इंजिन नवीन, चासी (गाडीचा सांगाडा) वेगळी, टायर ताजे. टीममेटकडून हरलं तर तोंड लपवायला जागा नाही. तीच चासी, तोच ट्यूनर, तेच पेट्रोल. फॉर्म्युला वनमध्येसुद्धा ड्रायव्हरची किंमत पहिल्यांदा टीममेटशी लावूनच ठरते. म्हणजे तुमच्या पोराला हरवावं असं टीममेटला वाटणं यात काही वावगं नाही. तुमच्या पोरालाही तसंच वाटत असणार. नसेल वाटत, तर ती मला जास्त काळजीची गोष्ट.

तुमच्या प्रश्नात मी अडकलो ते 'टीमनं सांगितलं होतं' या तीन शब्दांशी. कुणी सांगितलं? दोघांना एकत्र बसवून, का एकाला तंबूत आणि दुसऱ्याला ग्रिडवर, सुरुवातीच्या रांगेत, हेल्मेट घालता घालता? 'शेवटी शेवटी' म्हणजे किती लॅप? 'त्रास द्यायचा नाही' म्हणजे ओव्हरटेक करायचाच नाही, का करायचा पण धक्का न लावता? माझ्या अनुभवात टीममेटच्या दहा भांडणांतली सात-आठ इथेच जन्मतात, ट्रॅकवर ती फक्त दिसतात.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण १९८२ चं, इटलीतल्या इमोलाचं. त्या रेसवर बऱ्याच टीमांनी बहिष्कार घातला होता, फक्त १४ गाड्या सुटल्या. रेनोच्या गाड्या बंद पडल्यावर पुढे दोन्ही फेरारी उरल्या: जिल विलनव्ह आणि दिदिए पिरोनी. टीमनं ट्रॅकच्या कडेच्या पिट वॉलवरून 'स्लो' असा बोर्ड दाखवला. विलनव्हनं त्याचा अर्थ लावला की आता जो जिथं आहे तिथंच राहायचं, आणि आपण पुढं आहोत. पिरोनीनं अर्थ लावला की गाड्या सांभाळा, एवढंच. दोघं दोन-तीनदा मागंपुढं झाले. विलनव्हला वाटत होतं, हा प्रेक्षकांसाठी खेळ चाललाय. शेवटच्या लॅपला तोसा नावाच्या वळणाआधी पिरोनी आत घुसला आणि जिंकला. विलनव्ह त्याच्याशी पुन्हा बोलला नाही. १३ दिवसांनी बेल्जियमला झोल्डरच्या क्वालिफायिंगमध्ये (रेसला कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या फेऱ्यांत) पिरोनीची वेळ त्याच्यापेक्षा चांगली लागली होती. विलनव्ह पुन्हा बाहेर पडला, पुढच्या हळू गाडीवर आदळला आणि गेला. पिरोनीचंही भलं झालं नाही. त्याच वर्षी तो चॅम्पियनशिपमध्ये सगळ्यांच्या पुढं असताना जर्मनीत पावसात त्याचा अपघात झाला, दोन्ही पाय मोडले, फॉर्म्युला वन संपलं. १९८७ ला बोटींच्या शर्यतीत तोही गेला. त्यानंतर त्याला जुळी मुलं झाली. आईनं नावं ठेवली दिदिए आणि जिल. त्यातला जिल पुढं फॉर्म्युला वनच्या टीममध्येच इंजिनिअर झाला.

हे सगळं एका बोर्डावरच्या एका शब्दामुळं झालं असं मी म्हणणार नाही. पण तो बोर्ड लिहिणाऱ्यानं रेसच्या आधी दोघांना बसवून त्याचा अर्थ सांगितला असता तर निदान फसवलं गेल्याची ती भावना मनात घेऊन विलनव्ह झोल्डरला गेला नसता.

बरं, अर्थ ठरवून ठेवला तरी पळवाट निघतेच. १९८९ ला त्याच इमोलाला मॅक्लारेन टीमच्या आयर्टन सेना आणि अलें प्रोस्टमध्ये ठरलं होतं की सुरुवातीला पुढं जो असेल त्याला पहिल्या वळणावर डिवचायचं नाही. फेरारीच्या बर्गरची गाडी पेटली, रेस थांबली, पुन्हा सुटली. दुसऱ्या वेळी प्रोस्ट पुढं निघाला आणि सेनानं त्याला तोसालाच गाठून मागं टाकलं. प्रोस्ट म्हणाला, शब्द मोडला. सेनाची बाजू अशी की दुसरी सुरुवात त्या करारात नव्हती. वकिलाला आवडेल असा मुद्दा! त्या वर्षाचा शेवट जपानला सुझुकात झाला. ४६ व्या लॅपला सेना आत घुसला, प्रोस्टनं दार बंद केलं, म्हणजे आडवा आला, दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून शिकेनच्या (लागोपाठच्या उलटसुलट वळणांच्या) तोंडाशी उभ्या राहिल्या. सेना ट्रॅकवर देखरेख करणाऱ्या मार्शलांकडून धक्का मारून घेऊन निघाला, रेस जिंकला आणि नंतर बाद ठरला. चॅम्पियन प्रोस्ट. दोघांतला कोण खोटा यावर आजही लोक कट्ट्यावर तासन्‌तास भांडतात. माझं मत विचाराल तर सुझुकात प्रोस्ट जास्त चुकला आणि इमोलात सेना. दोघांनाही देव मानणारे मला शिव्या घालतील, घालू देत.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र २००७ चं हंगेरीचं आहे, कारण ते वडिलांनी बघावं असं आहे. टीम पुन्हा मॅक्लारेनच. क्वालिफायिंगमध्ये अलोन्सो पिटमध्ये उभा राहिला. टायर बदलून झाले, जायची खूण झाली, तरी हा हलेना. मागं त्याचा टीममेट हॅमिल्टन खोळंबला. अलोन्सो निघाला तेव्हा हॅमिल्टनला शेवटच्या लॅपसाठी वेळ उरला नव्हता. टीव्हीवर बघणाऱ्याला अलोन्सो सरळसरळ डांबिस दिसला आणि पाच जागा मागं टाकायची शिक्षाही त्यालाच झाली. पण आधी काय झालं होतं? त्या दिवशी अलोन्सोला पुढं जाऊ द्यायचं असं टीममध्ये ठरलेलं होतं आणि हॅमिल्टननं सांगूनही त्याला सोडलं नव्हतं. पहिला शब्द हॅमिल्टननं मोडला, दुसऱ्यानं सूड उगवला, व्हिडिओत फक्त दुसरा दिसला. त्या सीझनला फेरारीच्या किमी रायकोनेनला ११० गुण, अलोन्सोला १०९ आणि हॅमिल्टनलाही १०९. एका गुणानं दोघांच्याही हातचं गेलं.

म्हणून तुम्हाला विचारतो, रागावू नका: त्या हेअरपिनच्या आधीच्या चार-पाच लॅपमध्ये तुमचा पोरगा काय करत होता? टीममेट जास्त वेगात होता आणि तुमच्यानं त्याला सरळ रस्त्यावर दोनदा आडवं घातलं, असं काही? 'त्रास द्यायचा नाही' हे पुढच्यालाही लागू असतं. व्हिडिओ शेवटच्या लॅपपासून नका बघू, आठ लॅप मागून बघा.

आता धक्का खरंच धक्का होता का, ते कसं बघायचं. मी पोरांना बसवून दोन गोष्टी दाखवतो.

पहिली, तुमच्या मुलानं स्टेअरिंग वळवलं त्या क्षणी व्हिडिओ थांबवा. टीममेटचं पुढचं चाक कुठं आहे? तुमच्या पोराच्या सीटच्या बरोबरीत आलेलं असेल तर त्याला तिथं जागा होती, दार बंद करणाऱ्याचीही चूक धरावी लागते. नुसतं मागच्या बंपरपाशी घुटमळत असेल तर त्याला तिथं काही काम नव्हतं.

दुसरी जास्त बोलकी. टीममेटच्या लॉगरचा (गाडीचा स्पीड नोंदवणाऱ्या यंत्राचा) डेटा मागा आणि त्या वळणाच्या स्पीडच्या रेषा एकावर एक ठेवा, सगळ्या लॅपच्या. सगळी रेस पोरगं ज्या ठिकाणी ब्रेक मारत आलं, त्याच्यापेक्षा तीन-चार मीटर उशिरा मारला असेल तर तो धाडसाचा प्रयत्न म्हणायचा. दहा मीटर उशिरा मारला असेल तर ते वळण त्याला घ्यायचंच नव्हतं. तुमचं पोरगं त्याची भिंत होती, टेकून वळायला. रेषा बघताना पोरांचे चेहरे बघा. ज्यानं केलेलं असतं ते खाली बघतं. मला त्याच्या कबुलीची गरज पडत नाही.

आजकालच्या कार्टचा पुढचा बंपर मुद्दाम सैल बसवलेला असतो. धक्का दिला की तो आत सरकतो आणि वेळेचा दंड बसतो. टीममेटचा बंपर सरकला होता का आणि दंड लागला का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. सरकूनही दंड नसेल तर मार्शलचं लक्ष नव्हतं. सरकलाच नसेल तर धक्का बाजूनं लागलाय, पॉड पॉडला (कडेच्या संरक्षक भागाला), आणि मग प्रकरण बरंच सौम्य होतं.

तक्रारीचं म्हणाल तर एक गंमत सांगतो, बऱ्याच वडिलांना ती नंतर कळते. प्रोटेस्ट (अधिकृत तक्रार) निकाल लागल्यावर साधारण अर्ध्या तासाच्या आत, लेखी आणि फी भरून द्यावा लागतो. तो द्यायचा हक्क एंट्रंटचा, म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची एंट्री असते त्याचा. वडिलांचा नाही. दोन्ही गाड्यांची एंट्री टीमच्या नावावर असेल तर टीमनं स्वतःविरुद्धच फी भरायची! कुठली टीम भरेल? तेव्हा गेल्या रेसचा तो रस्ता संपला, त्यावर आता झोप घालवू नका. पुढच्या सीझनला एंट्रीचा फॉर्म भरताना मात्र एंट्रंटच्या रकान्यात कुणाचं नाव जातंय ते स्वतः वाचा.

टीम बदलण्याआधी टीमच्या मालकाला एकच विचारा: पुढच्या रेसला तुमचा नियम काय? उत्तर 'बघू, समजून घेतील पोरं' असं आलं तर खुशाल दुसरा तंबू बघा. ठाम उत्तर आलं तर थांबा, ते तुमच्या मनासारखं नसलं तरी.

कारण नियम दोन टोकांचे असतात आणि दोन्हींत जीव जातो. एक टोक म्हणजे मालकानं आधीच ठरवायचं की अमका जिंकणार. २००२ ला ऑस्ट्रियात फेरारीनं पुढं असलेल्या बारिकेलोला सांगितलं, टीममेट शूमाखरला पुढं सोड. त्यानं शेवटच्या काही मीटरवर गाडी हळू केली. स्टँडमधून जी हुर्यो उडाली, ती आपल्याकडे नुरा (आधीच निकाल ठरवलेल्या) कुस्तीला उडते तशीच. शूमाखरनं लाजून बारिकेलोला पहिल्या पायरीवर चढवलं, तर पोडियमच्या त्या गोंधळाबद्दल दंड झाला, नुरेबद्दल नाही. पुढं २००३ पासून असे हुकूम द्यायला बंदी आली. पाळली कुणी? रेडिओवर सांकेतिक भाषा सुरू झाली. शेवटी २०११ ला बंदी उठवली. १४ वर्षांच्या पोरांना नुरा लावणारा मालक भेटला तर त्याच्याकडे एक दिवसही पोरगं ठेवू नका.

दुसरं टोक मॅक्लारेननं अलीकडे करून बघितलं: दोघांनी मोकळं लढायचं, फक्त एकमेकांना लागायचं नाही. २०२५ ला कॅनडात नॉरिस टीममेट पियास्त्रीच्या गाडीला मागून जाऊन धडकला, स्वतः बाहेर पडला आणि तिथंच चूक कबूल केली. मोंझाला पिटमध्ये नॉरिसचा टायर बदलायला उशीर झाला, पियास्त्री पुढं गेला, तर टीमनं जागा परत द्यायला लावली आणि त्यानं दिली. लोक हसले, ही काय रेस का वाटणी? शेवटी नॉरिस दुसऱ्या टीमच्या व्हर्स्टापेनच्या पुढं फक्त २ गुणांनी चॅम्पियन झाला. म्हणजे याच टीमची चॅम्पियनशिप २००७ ला १ गुणानं गेली आणि २०२५ ला २ गुणांनी आली. मोंझाचा निर्णय मला स्वतःला पटला नव्हता. पिटमधली चूक हाही रेसचाच भाग. पण नियम आधी सांगितलेला होता आणि पियास्त्रीनं कुरकुरत का होईना पाळला, म्हणून तो तंबू फुटला नाही.

तालमीचं बघा. एका वस्तादाची दोन पोरं रोज पहाटे एकमेकांच्या अंगावर लढतात, मातीत तोंड घासतात, पण वस्ताद त्यांची जोड मैदानात सहसा लावत नाही. लोकांना नुरेचा वास येतो आणि पोरांत वैर येतं. कधी टळतच नाही. २०२० च्या महाराष्ट्र केसरीला फायनलला आले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही पुण्यात काका पवारांच्या तालमीतले. कुस्ती खरी झाली. सदगीर जिंकला आणि त्यानं शेळकेला खांद्यावर घेतलं. तो फोटो मी तंबूत लावलाय. पोरं विचारतात, सर, हा कुठल्या टीमचा ड्रायव्हर?

आता माझं. कोइंबतूरजवळच्या कारी ट्रॅकवर मी फॉर्म्युला एलजीबी (एकसीटी रेस गाड्यांचा आपल्याकडचा एक वर्ग) चालवत होतो. टीममध्ये आम्ही दोघं, सेटअपची वही एक. ज्याला जे सापडेल ते त्यानं लिहायचं, असा रिवाज. दुपारच्या उन्हात प्रॅक्टिसला मला कळलं की मागच्या टायरची हवा दोन पौंड कमी ठेवली की गाडी वळणातून बाहेर पडताना घसरत नाही. मी वहीत सकाळचाच आकडा लिहिला. माझ्या गाडीत दोन पौंड कमी. रेसला मी तिसरा आलो. तो सगळी रेस मागचं टोक सावरत सातवा आला. त्याचे टायर मी नंतर बघितले, कडेला खरवडून पापुद्रे निघाले होते. व्हिडिओत काही दिसत नाही, मार्शलला काही दिसत नाही, बंपर जागेवर. खिलाडूवृत्तीवर बोलणारी माणसं हेअरपिनच्या धक्क्यावर बोलतात. वहीतल्या आकड्यावर कोण बोलणार?

त्याला कळलं कसं, मला माहीत नाही. पुढच्या रेसला तो काही बोलला नाही. फक्त स्वतःचा प्रेशर गेज घेऊन आला. जुन्या फडक्यात गुंडाळलेला, पितळी. रेस झाली की खिशात घालून घरी न्यायचा. त्या दिवसापासून वहीत दोघांनीही काही खरं लिहिलं नाही. दोन डोकी मिळून जे अर्ध्या दिवसात सापडायचं ते एकट्याला दोन दिवसांत सापडेना, आणि सीझनच्या शेवटी आम्ही दोघंही मागच्या रांगेत. आज त्याचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे. माझ्या कार्टचे हब तोच करून देतो, मापात केसाचा फरक नसतो. गेजचा विषय आम्ही अजून काढलेला नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोनांपेक्षा मला सोपं जातं. वेगळा मेकॅनिक मागा, काही हरकत नाही, दोन पोरांत एकच माणूस असला की कुणाला तरी वाटतंच की त्याच्या गाडीची चेन आधी ताणली. पण शनिवारी सकाळी ट्रॅकवर गेलात की टीमच्या टेबलावर बघा. गेज एकच असू दे, आणि वही दोघांच्या मधे, उघडी.